चकाभोवतीची हद्द

सातपूरच्या कॉलनीत आमचं घर रांगेतलं शेवटचं. पुढे नाला आणि नाल्यापलीकडे कारखान्यांच्या भिंती. त्यामुळे भोंगे आधी आमच्या घरात येतात आणि मग बाकीच्यांकडे जातात, असं मला लहानपणी खरंच वाटायचं. पहिला भोंगा होईपर्यंत आईच्या दोन भाकरी झालेल्या असायच्या. परातीत बाजरीची भाकरी थापल्याचा आवाज, स्टोव्हची फरफर, मोरीत अण्णांनी तांब्या आपटल्याचा आवाज, अशी आमची सकाळ व्हायची. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीच्या डेपोत गाड्यांची कामं करायचे. त्यांच्या डब्यात भाकरी, मिरचीचा ठेचा आणि थंडीच्या दिवसांत उडदाचं घुटं. मी कामाला लागले तेव्हा आईने बोहारणीकडून जुन्या साड्यांवर तसाच दुसरा डबा घेतला. दोन्ही डबे शेजारी मांडून ती भरायची. कुणी शेजारीण आली की विनाकारण सांगायची, "हा ह्यांचा आणि हा लताचा." माझ्या आईला एवढ्या ऐटीत बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी आयटीआयमध्ये टर्नरचा, म्हणजे लेथवर लोखंड कापायचा, कोर्स केला होता. वर्गात एकटीच मुलगी. मखमलाबादची आत्या आली की मुद्दाम माझा हात नाकाशी धरायची आणि म्हणायची, "दादा, पोरीच्या हाताला ऑइलचा वास येतोय. उद्या हिला बघायला कोण येणार?" अण्णा पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "वास साबणानं जातो." यापलीकडे त्यांनी कधी माझी बाजू घेतली नाही आणि घ्यायची गरजही पडली नाही. पण माझ्यापायी त्यांनी आपल्या सगळ्या भावाबहिणींशी वाकडं घेतलं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून पुढे जे झालं त्यात मला नोकरीपेक्षा अण्णांचं ते एक वाक्य खोटं पडेल याची जास्त धास्ती होती.

आमची शेड लहान होती. बारा माणसं, चार जुने लेथ आणि एका कोपऱ्यात काचेची भिंत घालून ठेवलेला एक कॉम्प्युटरवर चालणारा लेथ. परदेशात कुणीतरी वापरून टाकलेला साहेबांनी आणला होता. त्याच्या जिवावर त्यांनी नवी कामं धरली होती. शेडचे मालक म्हणजे आमचे साहेब. पन्नाशीच्या आतला, सतत घाईत असणारा माणूस. पण मनाने वाईट नव्हता. त्या मशीनचे सेटर, म्हणजे मापं घेऊन मशीन लावून देणारे, होते रंगनाथकाका. काका रोज सायखेड्याहून पहिल्या गाडीने यायचे. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्याला पिशवी आणि पिशवीत हिरव्या मखमलीच्या डबीत माप घ्यायचा स्वतःचा व्हर्निअर. शेडमध्ये कंपनीचे चार व्हर्निअर होते, पण काका त्यांना हात लावत नसत. हाताने चालवायच्या लेथवर त्यांनी आयुष्य काढलं होतं. नवं मशीन आलं तेव्हा त्यांना इंग्रजी येत नाही म्हणून साहेब बाहेरचा माणूस आणणार होते. तर काकांनी पडद्यावरच्या पानांचे नंबर पाठ केले. कुठल्या पानावर कितव्या ओळीत काय टाकायचं, हे त्यांना अक्षर न वाचता कळायचं. मी आल्यावर मात्र आमची जोडी जमली. ते माप घ्यायचे, मोठ्याने आकडा सांगायचे आणि मी तो पडद्यावर टाकायचे.

त्या मशीनमध्ये एक सोय होती. पुस्तकात तिचं नाव लांबलचक होतं, आम्ही तिला 'हद्द' म्हणायचो. लेथमध्ये जॉब, म्हणजे जो तुकडा कापायचा तो, धरायला एक जड चकती असते, ती चक. चकाच्या तोंडावर तीन जबडे असतात, ते जॉबला घट्ट धरतात. चक मिनिटाला हजारदोन हजार फेऱ्या फिरत असताना कापणारं हत्यार त्याच्या अगदी जवळ येतं. ते जबड्याला लागलं की संपलं. म्हणून मशीनला आधीच सांगून ठेवायचं, की चक एवढा रुंद, जबडे तोंडापासून एवढे बाहेर, या चौकटीत हत्याराने शिरायचं नाही. मग प्रोग्रॅम चुकला तरी हत्यार त्या न दिसणाऱ्या रेषेवर येऊन थांबतं आणि अलार्म वाजतो. पण मशीनला डोळे नाहीत. आपण जो आकडा टाकतो तेवढंच त्याला माहीत. जबडे बदलले की हद्दही नव्याने मापून टाकायला लागते. काका म्हणायचे, "पोरी, बाकी कुठलाबी आकडा चुकला तर जॉब भंगारात जाईल. ह्यो चुकला तर मशीन जाईल." आताच्या मशीनमध्ये पडद्यावर चक, जबडे, हत्यार सगळं रंगीत हलताना दिसतं. आमच्या भागातल्या एका कारखान्यात परवा एका मुलीने मला ते दाखवलं, मीही कौतुकाने पाहिलं. जबड्याची उंची कुणी मोजली, हे मी तिला विचारलं. तिने "मीच" म्हटल्यावर मला बरं वाटलं.

मी लागल्याला वर्ष होत आलं तेव्हा काकांच्या मापात काहीतरी बिघडतंय असं माझ्या लक्षात आलं. व्हर्निअर वाचताना ते दाराकडे जायचे. ट्यूबलाइटचा उजेड चांगला असताना उन्हात उभे राहून, मान तिरकी करून वाचायचे. एकदा त्यांनी चोवीस सांगितलं आणि ते चौतीस होतं. मी गुपचूप चौतीस टाकलं. मग मला ती सवयच लागली. ते हात पुसायला वळले की मी कंपनीच्या व्हर्निअरने चटकन माप घ्यायचे आणि बरोबर आकडा टाकायचे. चार महिने हे चाललं. दहातले आठ आकडे त्यांचे बरोबर असायचे, उरलेले मी सांभाळायचे. मला त्यात मोठेपणा वाटायचा हे कबूल करते. आपण काकांना वाचवतोय, असं मी मनाशी म्हणायचे. एकदासुद्धा त्यांना "काका, डोळे दाखवा" म्हटलं नाही. ते ऐकून ते रागावतील ही भीती होती. आणि आज इतक्या वर्षांनी लिहिते आहे तर हेही लिहिते, की ते गुपित माझ्याकडे आहे, हे मला आवडतही होतं.

एका दुपारी त्यांनी मला पकडलं. जबड्यांत व्हर्निअर घालून मी वाकले होते आणि मागून त्यांचा आवाज आला. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती, सगळे आपापल्या लेथवर येत होते.

"काय करतीस?"

"काही नाही काका, सहज."

"माझ्या मापावर माप घेतीस? म्या तुला व्हर्निअर धरायला शिकवला आन् तू मलाच तपासतीस?" ते एवढ्या मोठ्याने बोलले की शेडमधले दोन लेथ थांबले. "ज्याला माझा भरवसा नाय त्यानं माझ्याजवळ उभं ऱ्हाऊ नये. जा, झाडू मार."

मी खरंच झाडू मारला. लोखंडाचा कीस गोळा करताना डोळ्यांतून पाणी येत होतं आणि बाकीचे पुरुष तिकडे न बघितल्यासारखं करत होते. घरी जाऊन मी कुणाला काही सांगितलं नाही. आईने शेंगोळे केले होते, माझ्या आवडीचे. ताटात तसेच गार झाले.

दुसऱ्या दिवशी नवे जबडे लागले. जुन्यांपेक्षा उंच, जॉबला जास्त खोल धरणारे. साहेबांकडे बाहेरगावचे पाहुणे आले होते, त्यांना पहिला नग डोळ्यांसमोर काढून दाखवायचा होता. काकांनी व्हर्निअर लावला, दाराशी जाऊन वाचला आणि तिथूनच सांगितलं, "बावन्न."

मी जबड्यांकडे बघितलं. वर्षभर तेच काम केल्यावर नजरेलाही माप कळतं. ते बावन्न नव्हते. साठच्या पुढेच होते. काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "टाकला का?" कालचा झाडू अजून माझ्या तळहातांना जाणवत होता. मी बावन्न टाकला. "टाकला," म्हणाले. मनात काय होतं, ते मी नंतर हजार वेळा तपासलं आहे. मशीन मोडावं असं मला वाटलं नव्हतं, देवाशप्पथ नव्हतं. पहिला नग काका नेहमी अगदी हळू, लाल बटणावर अंगठा ठेवून फिरवत. तेव्हा हत्यार जबड्याजवळ आलेलं दिसेल, ते थांबवतील, पुन्हा मापतील आणि सगळ्यांसमोर त्यांचा आकडा चुकलेला ठरेल. एवढंच मला हवं होतं. त्यांची थोडी फजिती.

"एकदा हळू फिरवून बघतो," काका म्हणाले.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "काका, पाहुण्यांना गाडी गाठायचीय. हद्द लावलीय ना? मग चालवा की."

पाहुणे हसले. काकांनी टोपी सारखी केली आणि पूर्ण वेगात सुरू करायचं बटण दाबलं. माझ्या तोंडून 'काका' एवढं तरी निघायला हवं होतं. माझं तोंड उघडलंही होतं. प्रोग्रॅम जुन्या, बुटक्या जबड्यांचा होता. हद्द खरी असती तर हत्यार बाहेरच थांबलं असतं, अलार्म वाजला असता, आम्ही प्रोग्रॅम सुधारला असता. आमच्या खोट्या रेषेच्या तीन मिलिमीटर बाहेर ते इमानदारीने आलं, आणि तिथे तर जबडाच होता.

तो आवाज कसा होता हे मला सांगता येत नाही. मोठा होता म्हणावं तर त्याआधी मी प्रेसचे आवाज ऐकले होते, ते त्याहून मोठे. पण हा पायांतून वर आला. एक जबडा तुटून मशीनच्या दारावर आतून आदळला, काचेत चांदणीसारखी चीर गेली, जॉब कुठेतरी आत गडगडत राहिला. मग चक थांबला आणि फक्त ऑइलचा पंप चालू राहिल्याचा आवाज येत होता. कुणाला काही लागलं नाही. दार बंद होतं म्हणून. हत्यारं धरणारा फिरता टरेट मात्र डोळ्यांना दिसेल एवढा वाकडा झाला होता. काका लाल बटणावर अंगठा दाबून तसेच उभे होते. बटण केव्हाच दाबलं गेलं होतं, तरी ते दाबत होते.

पाहुणे गेले. साहेबांनी आम्हा दोघांना आपल्या ऑफिसात बोलावलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले होते आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"हद्द किती टाकली होती?"

मी म्हणाले, "बावन्न."

"जबडे बासष्ट आहेत. मी आत्ता मोजले. बावन्न कुणी टाकला?"

काका खाली बघत होते. त्यांना कळलं होतं, माझी खात्री आहे. आपण काय वाचलं आणि काय असणार, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. मी वाट बघत राहिले. मग ते हळूच म्हणाले, "आकडा पोरीनं टाकला."

ते खोटं नव्हतं. साहेबांनी मला घरी जायला सांगितलं. दुरुस्तीचा माणूस येईल, मग बघू, म्हणाले. डबा तसाच भरलेला घेऊन मी भर दुपारी घरी आले तेव्हा आई कुरडया वाळत घालत होती. तिने डब्याचं वजन हाताने बघितलं आणि काही विचारलं नाही.

त्यानंतरचे नऊ दिवस मी घरात बसून होते. मी इतकी घाबरलेली पूर्वी कधी नव्हते आणि नंतरही झाले नाही. भोंगा झाला की उठून बसायचे आणि मग कुठे जायचं नाही हे आठवायचं. आईने एकच डबा भरायला घेतला, दुसरा फळीवर उपडा घातला. कॉलनीत बातमी पसरायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी आत्या आली. पेठला शाळेवर शिक्षक असलेला मुलगा आहे, घरचे चांगले आहेत, त्याचा फोटोही आणलाय, म्हणाली. "आता तरी," ती म्हणाली, "आता तरी पोरीला मशिनीपासून सोडव दादा. साहेबाचं लाखमोलाचं मशीन मोडलं म्हणतात हिनं." मी आतल्या खोलीत दाराआड उभी होते. अण्णा काहीतरी बोलतील म्हणून मी थांबले. अण्णांनी पेपराची घडी घातली आणि ते म्हणाले, "फोटो बघू."

ते ऐकून मी आतलं दार लोटून घेतलं. नंतरच्या रात्री मला झोप अशी नव्हती. डोळे मिटले की ती चौकट दिसायची, जबड्याच्या टोकाअलीकडेच संपलेली. खरं सांगितलं तर काका जातात. नाही सांगितलं तर मी जाते, आणि माझ्याबरोबर अण्णांचा मान. आणि खरंही सगळं सांगायचं तर बावन्न चूक आहे हे मला ठाऊक असताना मी टाकला, हे सांगावं लागणार. तेवढा भाग माझ्या तोंडून निघणार नव्हता. आई एकदा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "काय झालं ते मला सांग, मी कुणाला बोलणार नाही." मी म्हणाले, "चुकून झालं." माझ्या आयुष्यात मी तिच्याशी थोडंच खोटं बोलले, पण त्यातलं हे एक.

दहाव्या दिवशी मी शेडवर गेले. साहेब मशीनपाशी होते. टरेट उघडा पडला होता, दुरुस्तीवाल्याने भाग मागवले होते, बाकीचे लेथही निम्मे बंद. काका एका स्टुलावर बसले होते. मी साहेबांना बाजूला बोलवायला हवं होतं. तेवढीही अक्कल मला राहिली नव्हती. तिथेच, सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, काकांना दिसत नाही. चार महिने मी मागून मापं घेत होते. त्या दिवशी घेतलं नाही."

त्यात एक शब्द खोटा नव्हता. आणि जे गाळलं होतं तेही मला नीट माहीत होतं.

साहेबांनी काकांकडे बघितलं. टेबलावर पडलेला एक तुकडा उचलला आणि त्यांच्या हातात दिला. "काका, एवढं माप सांगा." त्यांचा आवाज मऊ होता, म्हणून ते जास्त वाईट वाटलं. काकांनी मखमलीची डबी उघडली. व्हर्निअर लावला. उठून दाराकडे गेले नाहीत. तिथेच बसून, मान तिरकी न करता, सरळ समोर धरून त्यांनी वाचायचा प्रयत्न केला. किती वेळ गेला कोण जाणे. चालू होते ते लेथही थांबले होते. शेवटी ते म्हणाले, "नाय दिसत साहेब." त्यांनी व्हर्निअर पुसला, डबीत ठेवला, डबी पिशवीत टाकली आणि माझ्या अंगावरून निघून गेले. त्यांचा धक्काही लागला नाही मला.

साहेबांनी मला कामावर ठेवलं. मशीन दुरुस्त व्हायला महिना लागला. मग हद्द मी मापायला लागले, मीच टाकायला लागले. आत्याला अण्णांनी काय निरोप धाडला ते मला कळलं नाही, पण पेठच्या मुलाचा फोटो पुन्हा घरात दिसला नाही. आईने फळीवरचा डबा उतरवला. सगळं परत आलं होतं आणि मला घास गिळवत नव्हता. वजन एवढं उतरलं की आईने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी टॉनिक दिलं.

सुट्टीच्या दिवशी मी सायखेड्याला गेले. काकांचं घर गोदावरीच्या अंगाला, उताराच्या बोळात होतं. काकूंनी मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर त्यांचा चेहरा बदलला, पण त्या "ये" म्हणाल्या आणि चहा टाकला. मुलगा पुण्याला कामाला, घरी सून आणि चार वर्षांची नात. काका आतल्या खोलीत होते, खोकल्याचा आवाज येत होता, ते बाहेर आले नाहीत. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "मोतीबिंदू हाय दोन्हीकडं. पण हात लावू देत नाय. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा असाच गेला, आपरेशनात. तवापासून दवाखान्याचं नाव काढलं की उठून जात्यात." मला तेव्हा प्रथम समजलं, की माणूस दवाखान्यात न जाता चार महिने दाराशी जाऊन व्हर्निअर का वाचत होता. दुसऱ्या खेपेला मी काकूंना नाशिकच्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्याबद्दल सांगितलं, तेव्हाही काका बाहेर आले नाहीत.

तिसऱ्या खेपेला मी बोळात शिरले तर काका टोपी घालून ओट्यावर बसले होते, पिशवी मांडीवर. काकूंचे डोळे रडून सुजलेले. आदल्या दिवशी नात परसातल्या विहिरीच्या कठड्यावर चढून बसली होती. काका तिच्यापासून हातभरावरून गेले आणि त्यांना ती दिसली नाही. शेजारणीने ओरडून पोरीला ओढलं. काका उठून उभे राहिले आणि मी कोण आहे ते न विचारता म्हणाले, "कुठं हाय तो दवाखाना? चल."

नाशिकच्या त्या दवाखान्यात मी त्यांना घेऊन गेले. तपासण्या झाल्या, तारीख मिळाली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. या सगळ्या दिवसांत ते माझ्याशी गरजेपुरतंही बोलले नाहीत. पाणी हवं असलं तर काकूंना सांगायचे, काकू मला सांगायच्या. पट्टी उघडायच्या सकाळी काकू औषधाच्या खिडकीपाशी गेल्या आणि आम्ही दोघं बाकावर बसून होतो. त्यांच्या उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती, दुसऱ्याने त्यांना दिसत नव्हतं. तो चेहरा माझ्याकडे बघू शकत नव्हता म्हणूनच मला धीर आला असावा.

"काका, त्या दिवशी बावन्न चुकीचं आहे असं मला टाकतानाच वाटलं होतं."

शेजारी एक म्हातारी जपमाळ ओढत होती. काका म्हणाले, "वाटलं व्हतं का ठाऊक व्हतं?"

"ठाऊक होतं."

"आदल्या दिसाचा राग?"

"हो."

त्यांनी मान हलवली. मी पुढे काहीतरी म्हणत होते, माफी मागत होते, रडतही होते. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "पुरे. लोकं बघत्यात." मग एवढंच म्हणाले, "म्या बी सांगितलं नव्हतं. आकडा माझा व्हता."

आत बोलावलं. नर्सने पट्टी काढली, डोळा पुसला. डॉक्टरांनी समोर बोटं धरली. काकांनी मोजली, तीन, दोन, चार. डॉक्टर हसले आणि कागद लिहायला लागले. मग काकांनी मान वळवली आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. कितीतरी महिन्यांत त्यांनी मला नीट पाहिलं नसणार.

"एवढी वाळलीस?" ते म्हणाले.

नर्स औषध घेऊन आलेल्या काकूंना थेंबांची बाटली दाखवून समजावत होती, दिवसातून इतक्या वेळा, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही, हात थरथरता कामा नये. काकूंचे हात तिथेच थरथरायला लागले होते. काका ते बघत होते.

"पोरी," ते म्हणाले, "म्या तुला माफ केलं असं समजू नको."

"नाही समजत, काका."

"पण संध्याकाळचा थेंब तू टाक. हिचा निम्मा गालावर सांडल. तुझा हात हालत नाय."

पहिली पाळी सुटली की मी सायखेड्याची गाडी धरायचे. काका ओट्यावरच्या बाजेवर उताणे पडून, डोळा उघडा ठेवून वाट बघायचे. मी हात धुऊन यायचे, पापणी दोन बोटांनी धरायचे आणि थेंब टाकायचे. ते डोळा मिटून पडून राहायचे. आमच्यात बोलणं नसायचं. काकू ताट वाढायच्या, कधी मेथीची भाजी, कधी वांग्याचं भरीत. तिथे मला जेवण जायला लागलं. नात माझ्या मांडीवर येऊन बसायची. मग शेवटच्या गाडीने घरी. आई विचारायची, "आज बोलले का?" मी नाही म्हणायचे.

बाटली संपली त्या संध्याकाळी मी ती तशीच रिकामी खिडकीत ठेवली. आता यायचं कारण उरलं नाही हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मी घराच्या रस्त्याला लागले, आणि नाल्यापाशी येऊन परत फिरले. स्टँडवर आले. सायखेड्याची नेहमीची गाडी निघून गेली होती, पुढची बऱ्याच वेळाने होती. त्या गाडीत मी काय सांगणार आहे ते जुळवत बसले होते, पण काहीच जुळलं नाही.

सायखेड्याला उतरले तर काका स्टँडवर उभे होते. टोपी घालून, हात मागे बांधून, येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी वाचत. मला बघून त्यांनी चालायला सुरुवात केली आणि मागे न बघता म्हणाले, "आज उशीर झाला तुला."